गोष्ट संगणकाने लिहिली, पण चूक कोणाची दाखवली?



आजचा विषय कुठल्याही इयत्तेच्या पाठ्यपुस्तकात नाही. पण आपल्या अल्लीपूर परिसरातल्या कितीतरी घरांशी त्याचा रोजचा संबंध आहे, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

कारखाने, खाणी, स्फोटकांचे उद्योग, रसायनांची गोदामे अशा धोक्याच्या ठिकाणी कामगारांना सुरक्षेचे प्रशिक्षण द्यावे लागते. पूर्वी त्यासाठी नियमांची पाटी असायची, एखादे भाषण असायचे, ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला शपथ आणि घोषवाक्य स्पर्धा असायची. आता त्यात नवीन भर पडली आहे. संगणकाला, म्हणजे ज्याला आपण एआय म्हणतो त्याला, सांगायचे की "अमुक कामातल्या अपघाताची गोष्ट लिही", आणि तो मिनिटभरात गोष्ट लिहून देतो. तिला चित्रे जोडा, आवाज जोडा, झाले प्रशिक्षण तयार!

हे चांगले की वाईट? माझे मत आधीच सांगून टाकतो. संगणकाने गोष्ट लिहायला माझी हरकत नाही. पण त्या गोष्टीचे बी खऱ्या अपघाताचे असले पाहिजे, आणि ती गोष्ट कामगारांपुढे जाण्याआधी ते काम स्वतः केलेल्या माणसाने तपासली पाहिजे. या दोन्ही गोष्टी नसतील तर ती गोष्ट शिकवत नाही. ती फक्त कामगाराच्या माथी दोष मारते. असे का म्हणतो, ते आता सविस्तर पाहू.

गोष्टच का हवी?

आपण शिक्षक आहोत, त्यामुळे हे आपल्याला वेगळे सांगायला नको. "विषारी औषध हाताळताना काळजी घ्यावी" हे वाक्य मुलगा परीक्षेत लिहितो आणि विसरतो. पण "अमक्याच्या बापाला वावरातून खाटेवर टाकून आणलं होतं" हे तो जन्मभर विसरत नाही. नियम कानात राहतो, गोष्ट मनात राहते. पंचतंत्रात विष्णुशर्म्याने राजपुत्रांना नीती शिकवली ती गोष्टींतूनच.

दुसरे कारण भाषेचे आहे. आज विदर्भातल्या कारखान्यांत मराठी माणसाच्या शेजारी छत्तीसगडचा, बिहारचा, मध्य प्रदेशचा माणूस काम करतो. सूचनांची पुस्तिका बऱ्याचदा इंग्रजीत असते. अशा वेळी एकच गोष्ट चार भाषांत झटपट तयार होत असेल तर तो मोठाच फायदा आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही.

हा विषय आपला कसा?

काही जण म्हणतील, "सर, आपण खेड्यातले. हे उद्योगधंद्यांचे प्रश्न आपल्याला कशाला?" तर जरा आपल्याच भागाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा.

- ३१ मे २०१६ : पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात मध्यरात्रीनंतर आग लागून स्फोट झाले. लष्करी अधिकारी, जवान आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. सदोष सुरुंगांतून स्फोटक पाझरत असल्याच्या बातम्या त्यानंतर आल्या.
- २० नोव्हेंबर २०१८ : पुलगावजवळच सोनेगाव (आबाजी) परिसरात जुना दारूगोळा निकामी करण्याच्या जागेवर पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यांत आजूबाजूच्या गावांतून ठेकेदाराने आणलेले मजूर होते.
- ३ फेब्रुवारी २०२१ : वर्ध्याजवळ भूगावच्या पोलाद कारखान्यात ३८ कामगार भाजले, जखमी झाले.
- १७ डिसेंबर २०२३ : नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या बाजारगाव इथे स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सहा महिला होत्या.
- २४ जानेवारी २०२५ : भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन पुन्हा कामगार दगावले.

यांतले एकही ठिकाण आपल्यापासून परदेशाइतके लांब नाही. देशभरातल्या स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालयसुद्धा नागपुरातच आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले-मुली अठरा वर्षांची झाली की यातल्याच कुठल्यातरी फाटकातून आत जाणार आहेत. काही जिनिंगमध्ये जातील, काही पोलाद कारखान्यात, काही पॅकिंगच्या कामावर. अठराच्या आत अशा धोक्याच्या कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

आणि जे कुठेच जाणार नाहीत, ते शेतात असतील. शेत हे धोक्याचे ठिकाण नाही असे ज्याला वाटते, त्याने २०१७ आठवावे.

नदीपलीकडचे २०१७

वर्धा नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. २०१७ च्या पावसाळ्यात तिथे कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. काहींची दृष्टी अंधुक झाली, काही दिवसेंदिवस बेशुद्ध होते. राज्य सरकारने विशेष चौकशी पथक नेमले. नोव्हेंबर २०१७ मध्ये काही जिल्ह्यांत पाच प्रकारच्या कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचे मिश्रण ही नावे तेव्हा घरोघरी पोचली.

आता याच विषयावर मी एक प्रयोग करून पाहिला. मोबाइलवरच्या एका एआयला सांगितले, "फवारणीत विषबाधा कशी टाळावी, यावर शेतमजुरांसाठी मराठीत एक गोष्ट लिही." त्याने लिहिलेल्या गोष्टीचा सारांश असा :

*रामू नावाचा एक गरीब शेतकरी होता. तो मेहनती होता, पण निष्काळजी होता. एके दिवशी त्याने मास्क आणि हातमोजे न घालता फवारणी केली. त्याला चक्कर आली. बायकोने त्याला सावलीत बसवून दूध पाजले. थोड्या वेळाने त्याला बरे वाटले. रामूला आपली चूक समजली. त्यानंतर तो नेहमी मास्क घालून फवारणी करू लागला. तात्पर्य : सुरक्षितता हीच खरी संपत्ती.*

भाषा शुद्ध. व्याकरण चोख. निबंध म्हणून दहापैकी आठ गुण सहज मिळतील. पण मला ही गोष्ट धोकादायक वाटते, आणि तीन कारणांनी वाटते.

पहिले कारण : उपाय चुकीचा आहे. विषबाधेची शंका आल्यावर दूध पाजून सावलीत बसवणे हा उपचार नाही. भिजलेले कपडे काढायचे, अंग साबण-पाण्याने धुवायचे, औषधाची डबी किंवा तिच्यावरचे लेबल सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठायचा. डॉक्टरांना नेमके कुठले औषध होते हे कळले तर उतारा लवकर देता येतो. ज्याने ही गोष्ट ऐकली तो "थोड्या वेळाने बरं वाटेल" म्हणून वाट पाहत बसेल. त्या वाट पाहण्यात जीव जाऊ शकतो. चुकीचे गणित शिकवले तर गुण जातात. इथे माणूस जातो.

दुसरे कारण : या गोष्टीत काम कुठेच नाही. मी ती गोष्ट फवारणीला जाणाऱ्या काही पालकांना वाचून दाखवली. एक जण हसून म्हणाले, "सर, हा रामू कोण्या गावचा व्हय? आमच्याकडं त पऱ्हाटी डोक्याच्या वर जाते. फवारा वर मारा लागते, मंग तो तोंडावरच येते." एका ताई म्हणाल्या, "मास्क बांधला त दम कोंडते, दुपारून त जीव जाते. सकाळीच करू म्हणलं त मालक म्हणते, आज पूरं वावर झालं पाह्यजे." आणि तिसऱ्यांनी जे सांगितले ते तर कुठल्याच पोस्टरवर मी वाचलेले नाही : "नोझल चोंदला का तोंडानंच फुकतेत सारे."

पाहा, तीन वाक्यांत तीन खरे धोके. पिकाची उंची, उन्हात मास्क न टिकणे, तोंडाने नोझल फुंकणे. संगणकाच्या गोष्टीत यातला एकही नव्हता.

तिसरे कारण, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठे : दोष एकट्या रामूचा आहे. २०१७ च्या वेळी चौकशीत आणि बातम्यांत पुढे आलेली कारणे आठवा. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. बोंडअळी आणि इतर किडींमुळे फवारण्या वाढल्या होत्या. दोन-तीन औषधे एकत्र मिसळून मारली जात होती. औषध कोणते आणि किती, हा सल्ला अनेकदा विकणारा दुकानदारच देत होता. नव्या पंपांचा फवारा जास्त बारीक आणि जोराचा होता. हवा दमट, वारा पडलेला. संरक्षक कपडे हाताशी नव्हते. आणि दगावलेल्यांत बरेच जण रोजाने दुसऱ्याच्या शेतात फवारणारे मजूर होते. औषध कोणते आणायचे, कधी फवारायचे, हे ठरवणे त्यांच्या हातात नव्हते.

इतकी सगळी साखळी. आणि संगणकाची गोष्ट म्हणते, "रामू निष्काळजी होता."

संगणक असे का लिहितो?

यात संगणकाची काही दुष्ट बुद्धी नाही. त्याने जे वाचले आहे, त्याच वळणाचे तो लिहितो. आणि सुरक्षेबद्दल आपण आजवर काय लिहून ठेवले आहे? "नजर हटी, दुर्घटना घटी". "आपली सुरक्षा आपल्या हाती". भिंतीभिंतीवर हेच. म्हणजे अपघात झाला तर हात तुमचाच, चूकही तुमचीच. आपणच मुलांना असे निबंध वर्षानुवर्षे लिहायला लावले. मग संगणकाने तोच निबंध परत दिला तर नवल काय?

ही सवय खूप जुनी आहे आणि ती फक्त गोष्टींत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये वायुगळती झाली. हजारो माणसे मेली. त्यानंतर कंपनीने कारण काय सांगितले? एका नाराज कामगाराने मुद्दाम घातपात केला म्हणून. पण त्या वेळी कारखान्यातली वायू थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि गळलेला वायू जाळून टाकणारा मनोराही दुरुस्तीसाठी बंद होता. एका माणसाकडे बोट दाखवले की या बंद यंत्रणांकडे कोणाचे लक्ष जात नाही.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात बदल झाला. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगाराला, जीवाला धोका दिसत असेल तर तो व्यवस्थापनाच्या लक्षात आणून देण्याचा हक्क त्यात लिहिला गेला. आणि त्यावर तातडीने उपाय करण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर टाकली गेली. आता तुम्हीच सांगा, सुरक्षा प्रशिक्षणाच्या किती गोष्टींत कामगार हा हक्क वापरताना दिसतो? "साहेब, या मशीनचा आवाज बदललाय, बंद करा" असे म्हणणारा नायक कुठे आहे? आपल्या गोष्टीतला शहाणा कामगार म्हणजे गुपचूप हेल्मेट घालणारा. बोलणारा नाही.

गोष्ट झाली, सही झाली

पालकांनी इथे विशेष लक्ष द्यावे. प्रशिक्षण झाले की कामगाराची सही घेतात. ही सही म्हणजे पुरावा. उद्या अपघात झाला तर कागद पुढे येतो : "याला प्रशिक्षण दिले होते, तरी याने चूक केली."

पूर्वी निदान प्रशिक्षणासाठी एखादा अनुभवी माणूस उभा राहायचा. त्याला प्रश्न विचारता यायचा. आता दहा मिनिटांत तयार झालेली गोष्ट मोबाइलवर दाखवली, खाली अंगठा लावला, की कागद पूर्ण. गोष्ट स्वस्त झाली की ती काळजीपोटी वापरली जाईल की कागद भरण्यासाठी, हा खरा प्रश्न आहे. आपल्या मुलीला नोकरी लागली आणि पहिल्याच दिवशी तिला अशी गोष्ट दाखवून सही मागितली, तर तिने काय करावे? तिने निदान एवढे विचारावे, "ही गोष्ट आपल्याच कारखान्यातली आहे का? माझ्या टेबलावर धोका कुठला आहे?" हे विचारण्याची हिंमत तिला शाळेनेच द्यायची आहे.

जगात हे नीट कसे करतात?

संगणकाच्या गोष्टी वाईटच असतात असे नाही. दोन उदाहरणे सांगतो.

पहिले अमेरिकेतल्या विमान वाहतुकीचे. १९७६ पासून तिथे एक व्यवस्था आहे. वैमानिक, हवाई नियंत्रक, तंत्रज्ञ यांच्या हातून चूक होता होता राहिली, तर ते ती लिहून पाठवतात. ही व्यवस्था 'नासा' ही अंतराळ संस्था चालवते, म्हणजे शिक्षा करणाऱ्या खात्याकडे ती नाही. लिहिणाऱ्याचे नाव काढून टाकतात आणि त्यातले निवडक अनुभव दर महिन्याला छापून सगळ्यांना वाचायला देतात. गोष्ट शंभर टक्के खरी, फक्त नाव झाकलेले. अपघात झाल्यावर रडण्यापेक्षा, होता होता वाचला तेव्हाच शिकायचे, ही कल्पना मला फार आवडते.

दुसरे अमेरिकेच्याच रासायनिक सुरक्षा मंडळाचे. २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटी इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ जण मेले. मंडळाने आधी चौकशी केली. मग त्या चौकशीवरून संगणकावर चलचित्र तयार केले. टाकीत पातळी कशी चढली, मोजमाप चुकीचे कसे दाखवत होते, माणसे धोक्याच्या इतक्या जवळ का बसवली होती, हे सगळे त्यात टप्प्याटप्प्याने दिसते. हीसुद्धा संगणकाने तयार केलेली गोष्टच. पण आधी चौकशी, मग चित्र. आपल्याकडे आधी चित्र, आणि चौकशीचा अहवाल कामगारापर्यंत पोचतच नाही.

संगणकाच्या बाजूने एक महत्त्वाचा मुद्दा

एक गोष्ट मात्र मी मनापासून मान्य करतो. खरा अपघात जसाच्या तसा सांगणे नेहमी योग्य नसते. ज्या घरातला माणूस गेला, त्याच घरातले लेकरू आपल्या वर्गात समोर बसलेले असू शकते. त्याच्या वडिलांचे नाव घेऊन "यांनी काय चूक केली" असे शिकवणे क्रूरपणा आहे. कारखान्यातही तेच. मेलेल्या मैत्रिणीच्या जागेवर दुसऱ्या दिवशी बसलेल्या बाईला तिचेच उदाहरण देऊ नये.

इथे कल्पित पात्रे उपयोगी पडतात. नाव बदला, गाव बदला, पण काम, कारणे आणि साखळी खरीच ठेवा. हे काम संगणक चांगले करतो. चार लोकांचे अनुभव त्याला दिले की त्यातून एक पाचवाच माणूस तो उभा करतो, आणि कोणाच्या जखमेवर मीठ पडत नाही.

मी माझ्या प्रयोगात पुढे हेच केले. पालकांची ती तीन वाक्ये आणि २०१७ ची कारणे संगणकाला दिली आणि सांगितले, "मजूर बाई निष्काळजी दाखवायची नाही. तिच्यासमोर अडचणी काय आहेत ते दाखव." दुसऱ्या वेळची गोष्ट पुष्कळ बरी आली. त्यात मालक होता, दुकानदार होता, दुपारचे ऊन होते. बाई मालकाला म्हणते, "उद्या सकाळी करू, आज वारा नाही." तरीही त्यात नोझल पाण्याने धुऊन पुन्हा त्याच हातांनी भाकरी खाल्ल्याचे लिहिले होते! ते पालकांनीच पकडले. म्हणून म्हणतो, शेवटची तपासणी त्या कामाच्या माणसाचीच हवी.

वर्ध्याला हे नवीन नाही

खरे तर हा विचार आपल्याच जिल्ह्यातला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी मांडलेली आणि झाकीर हुसेन समितीने आराखडा दिलेली नई तालीम तिथून पुढे आली. तिचा गाभा एवढाच होता की हाताच्या कामातून शिक्षण झाले पाहिजे. काम करणारा हात अडाणी नसतो, त्या हाताला पुष्कळ कळते. सुरक्षेचे प्रशिक्षण याच विचाराने व्हायला हवे. वरून उतरवलेला उपदेश नको. कामातून वर आलेले ज्ञान हवे. मग ते लिहून काढायला पेन वापरा नाहीतर एआय.

गोष्ट तपासण्यासाठी पाच प्रश्न

सुरक्षेची कुठलीही गोष्ट समोर आली, मग ती संगणकाची असो वा माणसाची, तर हे पाच प्रश्न विचारून पाहा :

१. ही गोष्ट कुठल्या खऱ्या घटनेवरून किंवा अनुभवावरून आली आहे?

२. गोष्टीत मालक, ठेकेदार, सुपरवायझर, दुकानदार आहेत का? की एकटा कामगारच आहे?

३. कामगार धोका बोलून दाखवतो का? दाखवल्यावर त्याचे काय होते?

४. सांगितलेला उपाय डॉक्टरांनी किंवा त्या विषयाच्या जाणकाराने तपासला आहे का?

५. हत्यारे, यंत्रे, काम यांची नावे आपल्या इकडची आहेत का? कामाची रीत खरी आहे का?

पाचपैकी तीन प्रश्नांना "नाही" आले, तर ती गोष्ट बाजूला ठेवा.

वर्गात काय करता येईल?

सातवी ते नववीसाठी दोन तासिकांचा हा साधा उपक्रम आहे.

*पहिली तासिका.* कीटकनाशकाच्या लेबलवरचे रंगीत चौकोन फळ्यावर काढा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्यामानाने कमी. मुलांना रिकाम्या डब्या शाळेत आणायला सांगू नका. हे फार महत्त्वाचे आहे. चित्रच पुरेसे आहे. मग घरी एकच प्रश्न विचारून यायला सांगा : "तुमच्या कामात तुम्ही कधी थोडक्यात वाचलात का?" आई, बाबा, आजोबा, मोठी बहीण, कोणालाही. नाव लिहायचे नाही.

*दुसरी तासिका.* आलेले अनुभव वाचा. थ्रेशरमध्ये ओढणी अडकता अडकता राहिली, मोटारीचा झटका बसला, फवारणीनंतर डोळ्यांपुढे अंधारी आली, असे बरेच काही येईल. त्यातला एक निवडा. संगणक किंवा मोबाइल असेल तर त्यावरून एआयला गोष्ट लिहायला सांगा, नसेल तर मुलांनीच लिहावी. मग गट पाडून वरचे पाच प्रश्न लावा आणि लाल पेनाने गोष्ट दुरुस्त करा. दुरुस्त गोष्ट मुलांनी घरी नेऊन ज्यांचा अनुभव होता त्यांना वाचून दाखवावी. "असंच झालं होतं का?" एवढे विचारून यावे.

यातून निबंधलेखन होते, वाचन होते, विज्ञान होते. आणि संगणकाने लिहिले म्हणजे खरे, हा समजही गळून पडतो. माझ्या मते एआयच्या काळात मुलांना हीच गोष्ट सगळ्यांत आधी शिकवायला हवी.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, मुलांनी हा प्रश्न विचारला तर "तुले काय करायचं" म्हणून टाळू नका. तुमच्या कामातला धोका तुमच्याइतका कोणालाच माहीत नाही, संगणकाला तर नाहीच. जे सांगायला लाज वाटते, उदाहरणार्थ नोझल तोंडाने फुंकणे किंवा मशीन चालू ठेवूनच हात घालणे, तेच नेमके सांगा. त्यामागे कोणाची घाई होती, कशाची टंचाई होती, तेही सांगा.

आणि तुमच्या कारखान्यात कोणी अशी गोष्ट दाखवून सही मागितली, तर गोष्ट संपल्यावर एक प्रश्न जरूर विचारा : "साहेब, यात साहेबाचं काम काय होतं?"